सेनापतींची बाटली

३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

ताई आणि भावोजी गेले. भावोजींचे प्रशिक्षण चाळीस दिवसांचे आहे. तोवर हे तिसऱ्या मजल्यावरचे घर आणि हॉलच्या खिडकीतील अकरा कुंड्या माझ्या ताब्यात. आयुष्यात प्रथमच मी एकटी राहणार आहे.

परिस्थिती स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवते. परगावच्या एका प्रकाशनसंस्थेने माझी सहायक संपादक म्हणून निवड केली आहे. वीस मार्चला रुजू व्हायचे आहे. अप्पांचा विरोध. त्यांचे म्हणणे, जी मुलगी बसमध्ये कंडक्टरला थांबवा म्हणायला लाजते आणि मुकाट्याने दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत येते, ती परक्या गावात काय दिवे लावणार? (एकच स्टॉप. दोन नव्हे.) अखेर ताईने मध्यम मार्ग काढला. ती म्हणाली, अप्पा, हिला माझ्याकडे चाळीस दिवस एकटी राहू दे. माझी झाडं जगवून दाखवली तर मी स्वतः हिला गाडीत बसवून देईन. अप्पा म्हणाले, आणि मेली तर? ताई म्हणाली, मेली तर हिने तुमच्या डोळ्यांसमोर बसून पुस्तकं वाचावीत.

मी विद्यापीठात पहिली आले आहे. अकरा कुंड्या म्हणजे काय मोठेसे? वेळापत्रक तयार केले. पाण्याची वेळ निळ्या शाईने, निरीक्षणाची लाल शाईने.

६ फेब्रुवारी, सकाळी ८

दोनपैकी मोठ्या जास्वंदीच्या कळ्यांवर हिरवे, बारीक, मोहरीएवढे दाणे आले आहेत. अतिशय मोहक दिसतात. बहुधा माझ्या देखभालीने झाडाला आलेला बहर असावा. ताईला फोनवर तसे कळवले. ती घाईत होती. बरं बरं, म्हणाली.

६ फेब्रुवारी, सकाळी ८.२५

दाणे चालत आहेत.

६ फेब्रुवारी, दुपारी १

ताईच्या कपाटात कीटकांवरचा एक जाडजूड ग्रंथ सापडला. संबंधित प्रकरण दोनदा वाचले. शेवटी चोवीस रंगीत पाने आहेत, ती उघडली नाहीत. चित्रे लहान मुलांसाठी असतात. या प्राण्यास मावा म्हणतात. हा पानांतील रस शोषतो, झाड दुबळे करतो आणि अखेरीस मारतो.

म्हणजे प्रश्न माझ्या नोकरीचा आहे. युद्ध जाहीर करीत आहे. ताईला कळवण्याची आवश्यकता नाही. विजयाची बातमी एकदमच देईन.

७ फेब्रुवारी

पहिली चकमक. शस्त्र: उजव्या हाताचा अंगठा. मी झुरळ दिसले तरी खुर्चीवर चढते. परंतु दहा-बारा मावे चिरडल्यावर एक लय सापडली. कळीच्या देठापासून वर एकच दाब देत जायचे. बारीकसा चट्ट असा आवाज होतो. अंगठा हिरवा आणि चिकट झाला. शत्रूचे हताहत: दोनशे बारा. आपली हानी: दोन कळ्या (अंगठ्याच्या आवेगाने तुटल्या).

हिंसा माझ्या स्वभावात नाही. हे कर्तव्य आहे. जेवणापूर्वी आणखी चाळीस मारले. ते कर्तव्यापेक्षा थोडे अधिक होते.

९ फेब्रुवारी

दोनशे बारा मारले होते. आज निदान पाचशे आहेत. ग्रंथात कारण सापडले. मावा-माद्या नराचे कसलेही सहकार्य न घेता थेट जिवंत मुली जन्माला घालतात आणि त्या मुली जन्मतानाच पोटुश्या असतात. हे वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटे स्वस्थ बसले.

एक अडाणी किडा घरच्यांची परवानगी न विचारता सात दिवसांत स्वतंत्र संसार थाटतो. आणि मी बावीस वर्षांची आहे. दुपारपर्यंत सहाशे मारले.

१० फेब्रुवारी

शेजारच्या काकूंनी दार वाजवले. हातात वाटी होती, साखर हवी होती. नजर मात्र माझ्या खांद्यावरून थेट जास्वंदीकडे. म्हणाल्या, अगंबाई, मावा पडलाय की! कोपऱ्यावरच्या नर्सरीतल्या मिशीवाल्याला जाऊन विचार, एका वाक्यात सांगेल. आणि काय गं, मुंग्या पण दिसतायत का बघ, मुंग्या असल्या की... एवढ्यात मी साखर दिली, गोड हसले आणि दार लावून घेतले. अर्धवट माहितीवर विसंबणे मला पसंत नाही.

तरी नर्सरीत जाऊन आले. वाक्य घरीच लिहून पाठ केले होते: नमस्कार, जास्वंदीवरील माव्याच्या निर्मूलनासाठी आपण कोणता उपाय सुचवाल? नर्सरीसमोरच्या फुटपाथवर पंधरा मिनिटे उभी राहिले. मग आत गेले. मिशीवाल्याने, काय देऊ मॅडम, असे विचारले. मिशी फार मोठी आहे. मी म्हणाले, खत.

पाच किलो आणले. गोणीवर लिहिले आहे की याने पालवी झपाट्याने फुटते. विचारांती हा निर्णय योग्यच वाटतो. झाडे बळकट झाली की शत्रूला आपोआप तोंड देतील. सर्व कुंड्यांना सांगितल्याच्या दुप्पट मात्रा दिली.

१२ फेब्रुवारी

मोठी राजनैतिक घडामोड. मित्रराष्ट्र मिळाले!

खिडकीच्या चौकटीतून काळ्या मुंग्यांची रांग जास्वंदीवर चढते. भिंगातून पाहिले. प्रत्येक मुंगी एकेका माव्याजवळ जाऊन त्याला मिशांनी बडवते. मावा घाबरून थेंबभर पाणी सोडतो. ही उघडउघड मारहाण आहे. मुंग्यांची शिस्त, रांग, निर्धार, सारेच प्रशंसनीय आहे. काकूंना नेमके हेच सांगायचे असणार. मदतनीसांना रसद म्हणून कुंडीच्या कडेला दोन चमचे साखर ठेवली. रांग दुप्पट झाली.

१४ फेब्रुवारी

खताने चमत्कार केला. कोवळी, लुसलुशीत पालवी आली आहे. मावाही त्याच वेगाने आला आहे. पालवीवर बोट ठेवायलाही जागा नाही. आघाडी आता मिरची, गुलाब आणि दोन्ही शेवंत्यांपर्यंत पसरली आहे. मुंग्या कदाचित दमल्या असाव्यात. साखर वाढवली.

१५ फेब्रुवारी

रासायनिक अस्त्र. ग्रंथात सौम्य साबणाचे पातळ पाणी सुचवले आहे. सौम्य हा शब्द वाचून मला हसू आले. कपड्यांच्या साबणाची अख्खी वडी एक लिटर पाण्यात उकळली, स्प्रेच्या बाटलीत भरली आणि तुटून पडले. फेसात शेकडो बुडाले. काही पाय झाडत होते. त्यांच्यावर पुन्हा स्प्रे मारला. तोंडाने काहीतरी ओरडतही होते, असे काकूंनी नंतर भिंतीवर थापा मारल्या तेव्हा लक्षात आले.

संध्याकाळी पाने करपली. गुलाबाने मान टाकली. युद्धात नागरी वस्तीची थोडीफार हानी अटळ असते.

१७ फेब्रुवारी

बागेत बाकावर वाचत असताना पानावर एक ढालकिडा येऊन बसला. तोच, ज्याला सारे लेडीबर्ड म्हणतात. लाल, चकचकीत, पाठीवर काळे ठिपके. ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की हा माव्याचा काळ असून एकटा दिवसाला पन्नास मावे फस्त करतो. तिला काड्यापेटीत घालून घरी आणले. तिच्या डौलावरून ती मादी असावी असे मी ठरवले. नाव: राणीसाहेब.

खिडक्या बंद केल्या. राणीसाहेबांना जास्वंदीच्या शेंड्यावर सन्मानाने सोडले. त्यांनी तत्काळ एका माव्याची मान धरली आणि तो रस्सा प्यावा तसा पिऊन टाकला. मी टाळ्या वाजवल्या.

माझ्या आयुष्यात अशी मैत्रीण आजवर कोणी नव्हती. बोलावे लागत नाही, आणि दोघींना एकच गोष्ट आवडते.

१९ फेब्रुवारी

शत्रूचे कारस्थान उघडकीस! जास्वंदीच्या पानांच्या मागे पिवळ्या, लांबट अंड्यांचे उभे गुच्छ आहेत. राणीसाहेब येण्यापूर्वी ते नव्हते. त्यांच्या भीतीने माव्याने आता अंड्यांचा आश्रय घेतलेला दिसतो. ब्लेडने तीन गुच्छ खरवडले आणि टाचेखाली घेतले. आणखीही असतील. राणीसाहेब जवळच बसून पाहत होत्या. त्यांनाही समाधान वाटले असावे.

२० फेब्रुवारी

राणीसाहेब कोठेही नाहीत. पडदे झटकले, पलंग सरकवला. काकूंकडे जाऊन विचारावे असे वाटले, दारापर्यंत गेलेही. परंतु एखाद्याच्या घरी जाऊन तुम्ही माझा किडा पाहिलात का, असे विचारता येत नाही.

ताईचा फोन. अप्पा तिच्याकडे रोज चौकशी करतात म्हणे: काय गं, जगतायत का झाडं? तिने फोटो मागितला. रबराच्या झाडाचे तीन बाजूंनी तीन फोटो काढून पाठवले. त्याची पाने जाड असल्याने त्यावर मावा बसत नाही. ताई म्हणाली, अय्या, झाडं किती छान ठेवलीस!

नोकरी हाताच्या अंतरावर आहे.

२४ फेब्रुवारी, सकाळी ७

किंचाळले. पुन्हा भिंतीवर थापा.

जास्वंदीवर राक्षस आले आहेत. बोटाच्या पेराच्या निम्मे, करडे-काळे, अंगभर काटे, बगलेला नारिंगी ठिपके, सहा पाय आणि मगरीसारखी शेपटाकडे निमुळती होत गेलेली काया. एकूण तेवीस मोजले. राणीसाहेबांचे काय झाले असेल, हे आता वेगळे सांगायला नको. या नराधमांनी त्यांना फाडून खाल्ले.

२४ फेब्रुवारी, दुपारी ३

भिंगाने सलग चार तास पहारा दिला. निष्कर्ष: हे शत्रूचे सेनापती आहेत. पुरावा असा. एका सेनापतीने माझ्या डोळ्यांदेखत एक मावा उचलला, हवेत धरला आणि पिळून काढला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. रणातून माघार घेणाऱ्या भित्र्या सैनिकांना ते जागच्या जागी देहदंड देत आहेत. एवढी निष्ठुर शिस्त असलेल्या सैन्याशी गाठ आहे.

ज्या फांदीवर सेनापती फिरतात तेथे मावा फारसा उरलेला नाही. दहशत दुसरी काय करणार?

मुंग्यांनीही सेनापतींवर हल्ला चढवला. तीन मुंग्यांनी मिळून एकाला फांदीवरून खाली लोटले. मित्रराष्ट्र असावे तर असे.

२६ फेब्रुवारी

सूड.

भुवया कोरण्याचा चिमटा घेतला. एकेक सेनापती पाठीमागून धरायचा. तो आधी वळवळतो, मग पिवळा रस सोडतो. पहिल्या पाचांना पाटावर ठेवून पट्टीच्या कडेने दोन तुकडे केले. प्रत्येकाच्या वेळी, हे राणीसाहेबांसाठी, असे मोठ्याने म्हटले. आवाज स्वच्छ निघाला. वर्गात कविता म्हणताना माझा आवाज कधीही असा निघाला नव्हता. उरलेल्यांना भावोजींच्या कपाटातील स्पिरिटमध्ये जिवंत बुडवले. ते तळाशी जाईपर्यंत पाहत राहिले.

दोन दिवसांत एकूण सत्तेचाळीस. बाटलीवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लावली: माव्याचे सेनापती, संख्या ४२, तुकडे केलेले ५ वगळून. ताई परत आली की ही बाटली अप्पांच्या समोर ठेवीन. मग विचारीन, अजून मी भित्री वाटते का?

(हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिले. तिसऱ्या खेपेला जमले.)

२८ फेब्रुवारी

एकही सेनापती शिल्लक नाही. युद्ध तत्त्वतः जिंकलेले आहे. ताईला कळवले: कुंड्यांची प्रकृती उत्तम असून त्यांची संख्या अकरावरून बारा झाली आहे. (काल पुन्हा नर्सरीत गेले होते. मिशीवाल्याने पुन्हा, काय देऊ, म्हणून विचारले. निवडुंग आणला.)

४ मार्च

नेतृत्वहीन सैन्य इतके का माजले आहे, हे समजत नाही. खोड दिसेनासे झाले आहे. पाने चिकट, त्यांवर काजळी, फरशीवर पाय टाकला की चप्पल चिकटते. मिरची वारली. पुदिना वारला. एका शेवंतीचे आता फक्त वर्णन करता येईल. मुंग्या मात्र धष्टपुष्ट आहेत आणि भिंतीवरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या आहेत.

अकरा दिवस उरले. अंतिम अस्त्र: तंबाखूचा काढा.

५ मार्च

तंबाखू आणायला चार गल्ल्या दूरच्या टपरीवर गेले, कोणी ओळखू नये म्हणून. टपरीवाल्याने विचारले, कोणासाठी? मी म्हणाले, माझ्यासाठीच. घाबरले की मी खरे बोलते. मागे वळले तर काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी आधी पुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

६ मार्च

सगळी पुडी उकळली. घरभर वाफ. गरम काढाच फवारला, कारण शत्रूला थंड होईपर्यंत सवलत देण्याचे कारण नव्हते. मावा हजारांनी पडला. सडाच! खिडक्या बंद असल्याने मीही पडले. दोनदा उलटी झाली. काकूंनी दार बडवले. मी उघडले तेव्हा डोळे लाल, केस फिसकारलेले आणि अंगाला तंबाखूचा दर्प होता. काकू एवढेच म्हणाल्या, पोरी, कधीपासून?

७ मार्च

ताईचा फोन. अप्पांनाही तिने त्याच फोनवर जोडून घेतले होते. तिचा आवाज रडवेला. म्हणाली, काकूंनी सगळं सांगितलंय मला. तू तंबाखू खातेस की ओढतेस, तेवढंच सांग. मध्येच अप्पांचा आवाज: विचार तिला, विचार! सोन्यासारखी पोर माझी, एकटी ठेवली आणि महिन्यात व्यसनाला लागली!

येथे एक नैतिक पेच उभा राहिला. खरे सांगायचे तर माव्याविषयी सांगावे लागणार, म्हणजे झाडे मेली हे सांगावे लागणार, म्हणजे नोकरी गेली. मी तीन सेकंद विचार केला आणि म्हणाले, थोडीशीच खाते.

हा निर्णय सध्या चुकीचा वाटत असला तरी दूरदृष्टीचा आहे. व्यसन सुटू शकते. मेलेले झाड पालवत नाही.

९ मार्च

उरलेल्या झाडांची पाने काढ्याने काळी पडून गळाली. मावा मात्र चौथ्या दिवशी पुन्हा हजर आहे, देठांवर.

ठीक आहे. शत्रूला आसरा म्हणून एक पानही ठेवायचे नाही. शिवणाची मोठी कात्री घेतली. दोन्ही जास्वंदी, गुलाब, उरलेली शेवंती, नेचा, सगळे मातीपासून दोन बोटांवर कापले. फांद्या पोत्यात भरल्या, पोते पायांनी तुडवले, वर उकळते पाणी ओतले आणि तोंड बांधून पुन्हा तुडवले. घामाघूम झाले. आता या घरात एकही मावा नाही. निर्विवाद विजय.

झाडेही नाहीत, असे एखादा खुसपट काढणारा म्हणेल.

१२ मार्च

बाटली घेऊन नर्सरीत गेले. हेतू निव्वळ शास्त्रीय. या सेनापतींवर लेख लिहावा असे मनात होते आणि शास्त्रीय नाव हवे होते. शिवाय तीन दिवस कोणाशी लढलेही नव्हते. मिशीवाल्याने, काय देऊ, म्हणण्याआधीच मी बाटली पुढे केली आणि संपूर्ण वाक्य बोलले. मध्ये अडखळले नाही. हे येथे मुद्दाम नोंदवते.

त्याने बाटली उजेडात धरली. चष्मा लावला. मग म्हणाला, मॅडम, ही तर लेडीबर्डची पिल्लं. लहानपणी अशीच दिसतात. मोठ्यापेक्षा पिल्लं जास्त मावा खातात. माझ्याकडे लोक मागायला येतात ही, मिळत नाहीत. तुम्ही बेचाळीस मारलीत?

मी म्हणाले, सत्तेचाळीस.

मुंग्यांचे विचारले. तो म्हणाला, अहो, त्या मावा पाळतात. आपण म्हशी पाळतो ना, तशा. धार काढतात त्याची. कोणी खायला आलं तर हाकलून देतात. साखर घातलीत? असू दे. खत? नको, सांगू नका. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, तुम्ही दोनदा आलात की इथे. तेव्हाच विचारायचं होतंत, साध्या पाण्याने दोन दिवस धुवायला सांगितलं असतं.

एका वाक्यात सांगितले त्याने. काकू खोटे बोलल्या नव्हत्या.

बाटली परत घेतली. घरी येऊन चिठ्ठी काढण्याचा प्रयत्न केला. चांगल्या डिंकाने लावली आहे, निघत नाही. अंडी टाचेखाली घेतली तेव्हा राणीसाहेब शेजारीच बसल्या होत्या, हे दिवसभर डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर कोणती आई त्या घरात थांबेल?

१५ मार्च, सकाळी ११

ताई, भावोजी आणि अप्पा एकदम आले. अप्पा व्यसनमुक्तीची तीन माहितीपत्रके घेऊन आले होते.

ताई चपलाही न काढता खिडकीशी गेली. रबराचे झाड, कोरफड, मनीप्लांट, निवडुंग. आणि खुंट. एका खुंटावरून तिने बोट फिरवले. म्हणाली, हे काय गं? मी सर्व सांगितले. पहिल्या दिवसापासून, क्रमवार, काहीही न वगळता. तंबाखूचेही. भावोजींचे स्पिरिट वापरल्याचेही. भावोजी मध्येच उठून गॅलरीत गेले आणि तेथून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. ताई हसली नाही. ती मोठी जास्वंद तिने सात वर्षे वाढवली होती.

अप्पांनी माहितीपत्रके नीट घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, झाडं गेली ते जाऊ दे. मला एक सांग, कोपऱ्यावर माणूस होता, शेजारी काकू होत्या, ताई फोनवर होती. चाळीस दिवसांत एकालाही विचारलं नाहीस? मी म्हणाले, मिशीवाल्याला विचारले. ते म्हणाले, कधी? मी म्हणाले, बारा तारखेला.

अप्पांनी बाटली उचलून चिठ्ठी वाचली. मग ताईला म्हणाले, हिला नोकरीवर जाऊ दे. एवढं धीराने मारणारी पोर उपाशी मरायची नाही. पण एकटी नाही.

१६ मार्च, दुपारी ४

अप्पांनी दोन तिकिटे काढली. ते सहा महिने माझ्याबरोबर राहणार आहेत. घरमालकाशी ते बोलतील, दूधवाल्याशी ते बोलतील, बसमध्ये थांबवा तेच म्हणतील. आपली मोठी बॅग त्यांनी भरायलाही घेतली आहे.

एकंदरीत विचार करता ही व्यवस्था मला मान्य आहे. अप्पांचे आता वय झाले. या वयात त्यांना घरी एकटे सोडून जाणे मला मुळीच प्रशस्त वाटले नसते.